लक्ष्मीचा शालू

आमच्या घरात एक डाळिंबी शालू होता आणि तो नेसणारं बाईमाणूस एकही नव्हतं. शालू आत्याच्या लग्नातला. वर्ष पुरं व्हायच्या आत तिचा नवरा तापाने गेला, आत्या पांढऱ्या लुगड्यात माहेरी परत आली आणि शालू तिच्या ट्रंकेत आला. विधवेचा शालू कुणी सवाष्ण नेसत नाही. टाकून द्यावा तर जर अस्सल. नुसता ठेवला तर घडीवर चिरतो. यावर थोरल्या काकीने तोडगा काढला. काकी घरची कारभारीण. तिच्या तोडग्यापुढे माझे वडील आणि काका तोंड उघडत नसत.

जत्रेला गावातलीच मंडळी दशावतार करत. त्यात लक्ष्मीचं काम करणारा गडी एरवी शेती करायचा, मिशी काढली की बरा दिसायचा. काकीने शालू त्याला द्यायला सुरुवात केली. जत्रेच्या आदल्या दुपारी तो घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राही, आत्या ट्रंक उघडून शालू त्याच्या हातात देई. परत येताना शालूच्या पदरावर तोंडाला फासलेल्या सफेद्याचा एखादा नवा डाग असे. लक्ष्मी समोर आली की गावातल्या बायका बसल्या जागी हात जोडत. काकीही जोडी. आत्याने नाटकाला जायचं नाही असं ठरलेलं होतं. पाहायला गेलं तर तो शालू तिच्यापेक्षा त्या गड्यानेच जास्त नेसला, पण यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

माझी शाळा संपत आली त्या सुमाराला शेजारणीचा भाऊ, फोंडाघाटचा बिजवर मास्तर, आत्याला मागणी घालायला आला. गावात असं आधी झालेलं नव्हतं. आत्याला कुणी विचारायच्या आधीच ती आतून ‘हो’ म्हणाली. वडिलांनी काकांकडे पाहिलं, काकांनी काकीकडे. मास्तर गेल्यावर काकी म्हणाली, “लग्नात नेसाक तुज्याकडे आसा काय? पांढऱ्या लुगड्यात लगीन लागता काय?”

एवढं बोलून तिने विषय संपवला आणि वाल सोलायला घेतले. आत्याही तिच्याबरोबर सोलायला बसली. मला आत्याचा भयंकर राग आला. एवढ्यावर गप्प बसायचं?

जत्रा आली. आदल्या दुपारी गडी मिशी काढून खळ्यात हजर. काकीने आत हाक मारली. आत्या रिकाम्या हाताने बाहेर आली.

“शालू ह्या वर्सा मेळाचो नाय,” ती त्याला म्हणाली. “घरात व्हयो आसा.”

“कोणाक?” काकीने विचारलं.

“माका.”

गड्याने काकीकडे पाहिलं, मग आत्याकडे. “जेचो तेका गेलो, बरा झाला,” म्हणाला आणि गेला. त्या वर्षी लक्ष्मी विटक्या सुती लुगड्यात आली. हात कुणीच जोडले नाहीत. आत्या लग्न करणार याहून गावात जास्त बोलणं झालं ते लक्ष्मीच्या लुगड्याचं.

लग्न सावंतवाडीला, मास्तरांच्या दुसऱ्या बहिणीकडे ठरलं. घरातलं कुणी जाणार नाही, असं काकीने जाहीर केलं. वडिलांना आणि काकांना त्या दिवशी नेमकं बागेत काम निघालं. मला मना करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, म्हणून मी गेले.

सकाळी आत्या शालू नेसून बाहेर आली. खांद्यावर सफेद्याचे डाग होते, ते तिने लपवले नव्हते. ती इतकी सुंदर होती हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, आणि मला रडू आलं. काकी दारात उभी होती. ती शालूशी बोलावं तशी खाली बघून म्हणाली, “पदर वर घे गो, धुळीत लोळता.”

आत्याने पदर वर घेतला. आम्ही एसटीकडे निघालो. बेड्यापाशी, कुंपणातून बाहेर पडताना, मी मागे वळून पाहिलं. काकी दारातच होती आणि तिचे हात जोडलेले होते. मी बघतेय हे कळताच तिने घाईने केरसुणी उचलली. पण घरची लेक नुकतीच निघालेली असताना केर काढत नाहीत, म्हणून तिने ती परत ठेवून दिली.