चिखल्याची सरळ रेघ

मसोलीच्या काशीनाथ धोडीचं कुणाशी पटत नाही. बायकोशी नाही, शेजाऱ्याशी नाही, आणि इंजिनियर ललितशी तर अजिबात नाही. वीस वर्षं तो केबलवाल्या नविनशेठकडे लाइनमन आहे. तार कुठून न्यायची, हे पायी हिंडून तो ठरवतो. मी त्याच्यामागून फायबर जोडत जातो आणि शिव्या खातो.

गेल्या पावसाळ्यात शेठने डहाणू शहरातलं फायबर किनाऱ्यालगतच्या झाई गावापर्यंत न्यायचं ठरवलं, कमीत कमी खर्चात. ललितने लॅपटॉपवर वाटेतल्या चिखले गावाच्या किनाऱ्यावरून सरळ रेघ मारली. पोलही बुटके धरले.

"रस्त्याने गेलो तर सेहेचाळीस पोल जास्त लागतात. इथे नुसती वाळू आहे."

"रस्त्यानेच ने," काशीनाथ म्हणाला.

"कारण?"

"मी सांगतोय ना."

"काका, पाय दुखत असतील तर घरी बसा. नकाशाला पाय नसतात, तो थकत नाही."

शेठने ललितच्या रेघेच्या बाजूने निकाल दिला. ही लाइन नीट चालली, तर पुढचा तलासरीचा मार्ग ललित आखणार आणि काशीनाथचं हिंडणं बंद. म्हणजे नोकरीच बंद, कारण हिंडण्यापलीकडे त्याला काही येत नाही. काशीनाथने मुकाट्याने पोल उभे केले. हा माणूस मुकाट झाला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

डिसेंबरात चिखल्याच्या पुढचं नेट मरायला लागलं. आम्ही तिघे पाहायला गेलो. पावसाळ्यात होड्या बंद असताना रिकामी दिसलेली ती वाळू म्हणजे मासे वाळवायची जागा. आता तिथे काठ्या-दोऱ्या लागल्या होत्या, आणि दोऱ्या कमी पडल्या म्हणून आमची तारही कामाला लावली होती. जबड्यात जबडा अडकवून शेकडो बोंबील लटकत होते. वजनाने तार पोलापाशी मुडपली होती, सिग्नल तिथेच गळत होता.

"काढा ते!" ललित ओरडला.

तिथल्या अहिल्याबाईंनी टोपली खाली आदळली. "आमच्या वाळवणात तार बांधताना विचारलंस काय रे? ओले बोंबील काय तुझ्या डोक्यावर वाळवू?"

शेठ येईपर्यंत काशीनाथने एकाही बोंबलाला हात लावू दिला नाही. शेठने पाहिलं, कपाळाला हात लावला, सेहेचाळीस पोल मागवले आणि तलासरी काशीनाथला दिली.

ललित काशीनाथच्या अंगावर धावून गेला. "तुम्हाला माहीत होतं! एक शब्द बोलला असतात तर..."

"तर तू रेघ हलवली असतीस," बिडी पेटवत काशीनाथ म्हणाला, "आणि मी घरी बसलो असतो."