हिवाळ्याची अठरा इंची चाकं

माझी शाळा चौथीत सुटली, पण टायरच्या कडेवरचे आकडे मला कुणी शिकवायला लागले नाहीत. गडहिंग्लजच्या रस्त्याला चाळीस वर्षं टायरचं दुकान चालवलं. उसाचे ट्रॅक्टर, कोकणात उतरणारे ट्रक, जोतिबाला निघालेल्या जीपा, सगळ्यांची चाकं माझ्या हाताखालनं गेली. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीच्या कुठल्या चाकात हवा कमी आहे, हे मी आजही उंबऱ्यात बसून सांगतो. आमची कारभारीण म्हणते, "ह्यांना माणसाचं तोंड ध्यानात राहत न्हाय, चाक राहतं." म्हणू दे.

माझी एकुलती एक मुलगी जर्मनीत असते. जावयांच्या नोकरीपायी गेली. जाताना म्हणाली, "आबा, तीन वर्षं फक्त. लगेच परत येतो बघा." आमच्याकडच्या पोरी मी येतो, मी जातो असंच बोलतात. तिचं ते बोलणं अजून तसंच आहे, पण तीन वर्षांची सात झाली. तिसरं लेकरू झाल्यावर त्यांनी सात जणांची मोठी गाडी घेतली.

मागल्या भाद्रपदात एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. मोबाईल तिनं गाडीच्या चाकापाशी धरला होता.

"आबा, दिसतंय का?"

"दिसतंय. वीस इंची रिंग. दोनशे पंचावन्न, पंचेचाळीस. हवा बरोबर हाय. तूच तेवढी दिसत न्हाईस."

ती हसली. "ही उन्हाळ्याची हायत. बर्फात ही चालत न्हाईत, कायदाच हाय इथला. हिवाळ्यासाठी दुसरी चार चाकं घ्यायची हायत, रिंगसकट. अठरा इंची पण बसतात, वीस पण. कुठली घेऊ?"

मागून जावई ओरडले, "मामा, वीसच सांगा! गाडी रुबाबदार दिसते."

तिथला दुकानदार सोडून पोरगी बापाला विचारते, यानं माझी छाती फुगायला हवी होती. पण माझ्या डोक्यात निराळंच फिरायला लागलं. गाडी विकायचं मनात असलेला माणूस नवे टायर घालत नाही, जुन्यावरच ढकलतो. चाळीस वर्षं मी हेच बघितलं. चारही नवे घातले, की समजायचं, हा गडी आता चार-पाच वर्षं गाडी सोडत नाही. इथं तर पोरगी असलेल्या चारावर आणखी चार घेत होती, आणि तीही तिथल्या बर्फासाठी. म्हणजे अजून चार-पाच हिवाळे तिकडंच.

मी म्हणालो, "दोन-दोन सेट कशाला? बारा महिने चालणारा टायर मिळतो की. त्योच घाल."

"आबा, आमचं घर डोंगरात हाय. दुकानवाला नको म्हणतोय."

"त्याला इकायचंच हाय. बाप काय सांगतोय ते ऐक की."

"खरंच चालंल?"

"व्हय."

फोन ठेवला. शेजारी बसून कारभारीण भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "टायर नाकारून पोरगी घरी येती व्हय?"

"तुला काय कळतंय टायरातलं?"

"टायरातलं न्हाय कळत. तुमच्यातलं कळतं."

मी उठून बाहेर गेलो. टायरच्या बाबतीत गिऱ्हाइकाला मी कधी खोटं सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दुकानात जा म्हणून सांगितलं असेल, खोटं नाही.

पुढचे चार दिवस गगनबावड्याचा घाट डोळ्यांपुढनं हलेना. ती आठ वर्षांची असताना भर पावसात आम्ही तिथनं येत होतो. जगाचे टायर बदलणारा मी, आणि माझ्याच जीपचे टायर गुळगुळीत झालेले. आज बदलू, उद्या बदलू. वळणावर जीप घसरली आणि कठड्याला टेकून थांबली. मागं बसलेली पोरगी रडली नाही, ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चारही टायरांवर खडूनं लिहिलेलं, "बाद". दुकानात टाकाऊ टायरावर मी तसंच लिहायचो. खडू धरायला तिला मीच शिकवलेलं. उतरवलेल्या चाकावर 'डा.पु.' म्हणजे डावं पुढचं, 'उ.मा.' म्हणजे उजवं मागचं. हे लिहायचं काम तिचं असायचं.

मी आपणहून कधी फोन करत नाही. पोरीनं करायचा, असा माझा ताठा. गुरुवारी केला.

"आबा? काय झालं? आई बरी हाय न्हवं?"

"आई टुणटुणीत हाय. लिहून घे. अठरा इंची, दोनशे पस्तीस, साठ."

"तुम्ही तर बारा महिन्यांचा..."

"चुकलो मी. लिही."

'चुकलो' हा शब्द तिनं माझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मीच पुढं बोलत राहिलो.

"उसाच्या रानात बघितलंस न्हवं? रुंद चाक चिखलावर तरंगतं. अरुंद चाक चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीला लागतं. बर्फाचं तसंच असणार. रिंग बारकी झाली की टायरची भिंत उंच होती, बर्फाखालचा दगड रिंगला लागत न्हाय. आणि बाहेरनं चाकाची उंची तेवढीच राहती, मी हिशेब केलाय. गाडीच्या कागदात ह्यो साइज हाय का, तेवढं बघ."

"मामा, बारकी दिसतील की!" जावई.

"पावणं, बर्फात तुमच्याकडं बघतंय कोण?"

जावई हसले. ती हसली नाही. हळू आवाजात म्हणाली, "आबा, चाकं घेतली म्हणून येणार न्हाय, असं न्हवं."

"टायरचं बोल."

"बरं. कधी चढवू?"

"दसऱ्याला चढव, गुढीपाडव्याला उतरव."

दसऱ्याला फोटो आले. एकात गाडीची नवी चाकं हळदीकुंकू लावलेली, पुढच्या चाकाखाली लिंबू. दुसरा फोटो त्यांच्या तळघराचा. उन्हाळ्याची चाकं एकावर एक नीट रचलेली, आणि काळ्या रबरावर खडूनं आपल्या अक्षरात लिहिलेलं. डा.पु. उ.पु. डा.मा. उ.मा. तिचा 'डा' अजून तसाच कलंडलेला.

दोन बोटांनी फोटो मोठा करून मी किती वेळ बघत बसलो होतो कुणास ठाऊक.

"काय बघताय एवढं?" कारभारणीनं विचारलं.

"हवा."

"फोटोत हवा दिसती व्हय?"

मी मोबाईल तिच्याकडं कलता केला. तीही मग माझ्या खांद्याला टेकून बघत बसली.