गुरुदक्षिणा कुणाला?
आम्ही शहरात आलो त्या वर्षी दिवाळीच्या महिन्याची सगळी फी एजंटानं गिळली, ती माझ्या कन्नड गावच्या मैत्रिणीची, तिची पहिलीच. पडेगावातल्या एका घरी गणित शिकवायचं काम तिला मिळवून दिलं म्हणून. मेथीच्या फोडणीचा वास आला की पुढच्या महिन्यातली ती संध्याकाळ आठवते. मैत्रिणीला न्यायला मी त्या घरी गेले, तर एजंट दारात उभा राहून याही महिन्याची फी मागत होता. "गुरुदक्षिणा समजा, मॅडम!" मी भडकले, सगळं मोठ्यानं बोलून टाकलं. विद्यार्थिनीची आई फोडणी सोडून बाहेर आली. "शिकवती ही, अन् दक्षिणा तुम्हाला व्हय? मग बसा की भाऊ, पोरीला मसावि शिकवा!" चपला घालून तो जो सटकला, परत फिरकला नाय. फी मैत्रिणीच्याच हातात पडली. तुमच्या घरी कुणी शिकवायला येत असेल, तर आजच विचारा: तुमची पहिली फी कुणी खाल्ली?