पाणी उतरेपर्यंत

रविवारी सकाळी मी पोहे परतत असताना अर्चनाचा फोन यायचा. फोन ओट्यावरच्या पिठाच्या डब्याला टेकवून स्पीकर लावायचा, आणि मग माझं स्वयंपाकघर तिच्या कुरुंदवाडी आवाजानं भरून जायचं. त्या रविवारीही स्क्रीनवर तिचंच नाव आलं. मी नेहमीसारखं, "बोला बाईसाहेब, आज कुणाची खोड काढलीय?" म्हणाले. पलीकडून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "ताई, मी महेश." आदल्या रात्री अर्चनाच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पोहे करपल्याचा वास येत होता, पण गॅस बंद करायचं मला सुचलं नाही.

आम्ही दोघी विद्यापीठात भेटलो, एम.एस्सी. कॉम्प्युटरला. मी कोल्हापुरातल्या पेठेतली, इंग्रजी शाळेत शिकलेली आणि त्यामुळे जरा शिष्ट. पहिल्याच दिवशी एक उंच, काळीसावळी मुलगी माझ्या बाकाशी आली आणि म्हणाली, "सरक की जरा, बाक काय तुझ्या बाचा हाय?" मी सरकले, ती कायमचीच. अ‍ॅडव्हान्स्ड डेटाबेस सिस्टीम्स हा पेपर त्या वर्षी सगळ्यांच्या बोकांडी बसला होता. पुस्तक विटेएवढं जाड. "उशाला घ्यायला बरं हाय, वाचायला न्हाय," असं म्हणत अर्चना प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ते वाचायची आणि मग बंद करून मला सांगायला लागायची. तिच्या सांगण्यात संगणक कमी आणि भावकी जास्त असायची. पण परीक्षेत मला आठवायची ती भावकीच, पुस्तक नव्हे.

एकदा सर एकच माहिती दोन गावांतल्या दोन यंत्रांवर कशी ठेवतात ते शिकवत होते. दोन्हीकडची माहिती सारखी राहावी म्हणून कुठलाही बदल एकमेकांना विचारून करायचा. पण मधली लाइनच तुटली तर काय? सरांनी प्रश्न टाकला. माझ्या शेजारून अर्चनाचा तोफगोळा सुटला, "सर, ह्ये आमच्या घरात झालंय की!" वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत, त्यांनी खडू तिच्यापुढे धरला. ती फळ्याशी गेली, आधी नदी काढली, तिच्यावर बुडालेला पूल, अलीकडे एक घर आणि पलीकडे एक.

ती विद्यापीठात यायच्या थोडं आधी आलेल्या महापुरात तिचे वडील, म्हणजे आण्णा, बहिणीकडे शिरोळला गेले आणि मधल्या नदीवरच्या वाडीच्या पुलावर पाणी चढल्यानं तिकडेच अडकले. ही आणि आई इकडे कुरुंदवाडात, शाळेत हलवलेल्या माणसांत. लाइट नाही, फोन बंद. अर्चनासाठी स्थळं बघणं तेव्हा चालूच होतं. तिकडे आत्यानं एक मुलगा सुचवला, घर चांगलं निघालं, आण्णांनी शब्द दिला. इकडे शाळेत शेजारी चूल मांडलेल्या बाईनं आपल्या मुलासाठी विचारलं. इतके दिवस एका ताटात जेवल्यावर आईला नाही म्हणवेना, तिनंही शब्द दिला. पाणी उतरलं की दुसऱ्याला सांगू, असं दोघांच्याही मनात होतं. पाणी उतरलं, आणि दोन्हीकडचे पावणे एकाच दिवशी दारात.

"मग?" सर खरोखरच्या काळजीनं म्हणाले.

"मग काय सर, दोघांस्नीबी च्या पाजला. आण्णा आईकडं बघाय लागले, आई आण्णांकडं. एकाला व्हय म्हणलं तर दुसऱ्याचा अपमान. मी भाईर आले आन् म्हणलं, दोघांस्नीबी न्हाय म्हणा, म्हंजे कुणाचाच अपमान न्हाय. सांगा, पोरगी कोल्हापूरला शिकाय निघालीया."

हसण्याचा असा कल्लोळ झाला की शिपाई दारातून डोकावून गेला. सर वर्ग शांत व्हायची वाट बघत राहिले आणि म्हणाले, "यात आणखी एक अडचण असते. समोरून उत्तर येत नाही, तेव्हा पलीकडचं यंत्र कायमचं बंद पडलंय की नुसती वाट तुटलीय, हे या काठावरून कळत नाही."

"मग किती येळ वाट बघायची सर?"

"ते आपलं आपण ठरवायचं. ठरवलेली मुदत संपली की पलीकडचा गेला असं धरायचं आणि पुढं जायचं."

अर्चना खडू ठेवून जागेवर आली, पण तिला ते पटलं नव्हतं. "ह्ये काय बरोबर न्हाय," ती माझ्या कानाशी पुटपुटली. "शाळेत लोक आण्णा पुरात गेले आसं बोलाय लागलं हुतं. आई रोज दाराशी जाऊन हुबी ऱ्हायची. कुठली मुदत आन् काय!" आणि कँटीनमध्ये चहाचा कप दोन्ही हातांत धरून, एरवी कधी न काढलेल्या हळू आवाजात म्हणाली, "ए मंजे, त्या दिवशी दोनातलं एकच पावणं आलं असतं ना, तर मी आज हितं नसते." तेव्हा मला समजलं की जे आम्हाला आपसूक मिळालं होतं, तो वर्ग, तो बाक, ते विटेएवढं पुस्तक, ते हिला एका पुरानं दिलं होतं. म्हणूनच तिनं एक तासही कधी बुडवला नाही.

पुढे दोघीही प्राध्यापक झालो, वेगवेगळ्या कॉलेजात, पण शिकवायचा विषय तोच. आणि भांडणही त्या तुटलेल्या लाइनवरूनच. माझं म्हणणं, वाट तुटली की काम थांबवावं, चुकीचं उत्तर देण्यापेक्षा न दिलेलं बरं. ती म्हणायची, "तुझं बरं हाय गं, पेठेतली तू. पूर आला म्हणून म्हशी दूध द्यायच्या थांबत्यात व्हय? चालू ठेवायचं. पाणी उतरलं की घ्यायचं जुळवून." माझे वडील गेले तेव्हा मी कितीतरी महिने कुणाशी धड बोलत नव्हते. माझ्या तत्त्वाप्रमाणे मी बंदच झाले होते म्हणा ना. ते रविवारचे फोन तेव्हा सुरू झाले. ती एकटीच बोलायची. म्हशीचं, सासूचं, वर्गातल्या कार्ट्यांचं. माझ्या हुंकाराचीसुद्धा वाट बघायची नाही. असंच एका रविवारी कशावरून तरी मला हसू फुटलं. "आलीस व्हय?" ती म्हणाली. "उतरलं पाणी." मी तिच्यावर किती प्रेम करत होते हे त्या दिवशी सांगायला हवं होतं, पण आम्हा दोघींत तशी बोलायची पद्धत नव्हती. मी तिला नुसतं "गप ए" म्हणाले.

ती गेल्यावर दोन यंत्रांचा तो धडा मी पुढे पुढे ढकलत होते. गेल्या आठवड्यात शेवटी घ्यावाच लागला. इतकी वर्षं मी फळ्यावर दोन गोल काढून मधली रेघ तोडत आले. या वेळी हातानं आधी नदी काढली, मग बुडालेला पूल, मग दोन काठांवर दोन घरं. पोरं पावण्यांच्या गोष्टीला पोट धरून हसली. मग एका मुलीनं विचारलंच, "मॅडम, पण वाट किती वेळ बघायची?" मी सरांचं उत्तर सांगितलं. मुलांनी ते खाली मान घालून वहीत लिहून घेतलं.

महेशनं तिचा नंबर चालू ठेवलाय की बंद केलाय, मी विचारलेलं नाही. रविवारी पोहे परतताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते आणि एकटीच बोलत राहते, वर्गातल्या कार्ट्यांचं, सासूबाईंच्या गुडघ्याचं, नदी काढल्याचं... मुदत आपली आपण ठरवायची असते. माझी अजून ठरलेली नाही.