पन्नास पानं पुढे

सरळच सांगते, मी जळते. कुणी म्हणेल, बाई, एवढं उघड बोलू नये. पण मनात ठेवलं की माझंच पोट दुखतं, म्हणून सांगून टाकते. माझी धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर राहते, मी खालच्या. मधे चौदा पायऱ्या. रोज संध्याकाळी माझी मुलगी त्या चौदा पायऱ्या चढून वर जाते आणि जेवणाची हाक मारल्याशिवाय खाली येत नाही. माझं दुखणं काय ते एवढंच. बाकीचं सगळं त्याच्यावर चोळलेलं मीठ.

धाकटी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. सकाळी सहाला कामावर हजर, तीनला घरी. नवरा, म्हणजे माझा दीर, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. पदरात चार वर्षांची जुळी मुलं, दोघंही वांड. एवढं असून तिच्या ओट्यावर कधी खरकटं भांडं दिसायचं नाही. बाहेरून आणलेलं खाणं तिच्या घरात मी आजवर पाहिलेलं नाही. साधं भोपळ्याचं सूप केलं तरी वास खालपर्यंत येतो आणि आमचे हे घास हातात धरून वर बघतात. त्यात आणखी बाई वाचते! लायब्ररीतून महिन्याला एक पुस्तक आणते, तेही लहानसहान नाही, उशीला घेता येईल एवढं जाड.

सासूबाई राहतात माझ्याकडे, खातात माझ्या हातचं आणि गुण गातात धाकटीचे. "हिला दहा हात आहेत हो," शेजारणींना सांगतात. मी तिथेच त्यांचा चहा गाळत उभी असते. माझे दोनच हात, तेही चहात गुंतलेले. कोण बघणार?

आता मी काय करते तेही ऐका, नाहीतर वाटेल ही दिवसभर पलंगावर लोळून जळत असते. मी युनिफॉर्म शिवणाऱ्या वर्कशॉपमध्ये कटर आहे. पांढऱ्या कापडाचे चाळीस थर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर निळ्या खडूने आखायचं आणि मशीनची कात्री त्या रेघेवरून न्यायची. रेघ बोटभर चुकली की चाळीस कोट वाया. शेजारी बारा शिलाई मशिनी एकदम धडधडतात. संध्याकाळी घरी येते तेव्हा डोक्यात तेरावी चालू असते. मग सासूबाईंची औषधं, ह्यांचा दुसऱ्या दिवसाचा डबा, भाजी, भात, भांडी. वाचायचंच म्हटलं तर मी औषधाच्या बाटलीवरचं वाचते.

माझी मुलगी अकरा वर्षांची. घरात तिला मुंगी म्हणतात, कारण ती एका जागी बसत नाही. गेल्या महिन्यात तिने शाळेत निबंध लिहिला, 'मला आवडणारी व्यक्ती'. बाईंनी वर लाल शाईत 'उत्तम' लिहिलं होतं. वही टेबलावर पडली होती, म्हणून मी वाचला. दीड पान काकू! काकू किती वाजता उठते, काकूचा पांढरा कोट, काकूला कांदा चिरताना रडू येत नाही. पुढे लिहिलं होतं, 'काकूकडे स्वयंपाक होता होता पुस्तकही वाचून होतं.' आणि शेवटाकडे एक ओळ माझी. 'माझी आई शिवणाच्या कारखान्यात जाते आणि दमते.'

झालं! नऊ महिने पोटात वाढवली, अकरा वर्षं भरवली, न्हाऊ घातली, आणि माझ्या वाट्याला काय, तर 'दमते'. तळपायाची आग मस्तकात गेली. ह्यांना वही दाखवली, तर हे म्हणाले, "अगं, खोटं काय लिहिलंय त्यात?" त्या दिवशी ह्यांच्या ताटात मीठ मी मुद्दामच जास्त घातलं.

दोन दिवस ती स्वयंपाकाची ओळ डोक्यात घोळत राहिली. स्वयंपाक होता होता पुस्तक वाचून होतं? कसं होईल? एका हाताने ढवळायचं, दुसऱ्या हाताने चिरायचं, मग पुस्तक काय दातात धरायचं? मी वीस वर्षं चूल सांभाळते आहे, मला शिकवता? म्हटलं, हे सगळं सोंग आहे. पुस्तक आणायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं ठेवायचं आणि चार भाबड्या माणसांकडून वाहवा मिळवायची. आणि त्या सोंगाला माझी पोर भुलली. म्हटलं, हे बिंग एकदा फुटलं की मुंगी आपोआप पायऱ्या उतरून खाली येईल. मला दुसरं काही नको होतं. माझी पोर परत हवी होती.

दुपारच्या सुट्टीत मी सासूबाईंना जेवायला वाढण्यासाठी घरी येते. वरच्या मजल्याची किल्ली आमच्याच खिळ्यावर असते. माझं मोठं पातेलं धाकटीकडे अडकलं होतं, ते आणायच्या निमित्ताने गेले वर. पुस्तक स्वयंपाकघराच्या खिडकीत, जिथे नेहमी असतं तिथेच. मधे खूण म्हणून चहाच्या पाकिटाची कापलेली पट्टी. उघडलं तर पान एकशे बारा. कुणी एक म्हातारी पेटी घेऊन धक्क्यावर उभी आहे आणि बोट काही येत नाही. मी पट्टी काढली आणि बरोबर पन्नास पानं पुढे घातली, एकशे बासष्टवर. तिथे एका पोरीचं लग्न चाललं होतं, म्हातारीचा पत्ताच नव्हता. म्हटलं, आता बघू. खरंच वाचत असेल तर बोंबाबोंब करेल. सोंग असेल तर निमूट पट्टी तिथून पुढे सरकेल. पातेलं उचललं आणि खाली आले. हसू येत होतं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दुपारी परत गेले. या वेळी निमित्तसुद्धा नव्हतं. पट्टी होती एकशे चोवीसवर.

म्हणजे खूण हलली हे तिला कळलं होतं. मागचं पान शोधून तिने तिथून पुढे बारा पानं वाचली होती. आणि बोलली काय? काहीच नाही! त्याच संध्याकाळी जिन्यात भेटली, म्हणाली, "ताई, पातेलं नेलंत ना? बरं झालं, मीच आणून देणार होते." कपाळावर आठी नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अगं, भांड ना माझ्याशी! 'माझ्या पुस्तकाला हात का लावलात' म्हण, दार आपट, काहीतरी कर. पण नाही. ही मोठ्या मनाची. म्हणजे दहा हात, घरचं सूप, जाड पुस्तक आणि वर हे मोठं मनसुद्धा हिलाच. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवायचं की नाही?

शुक्रवारी आम्ही सगळे वर जेवतो, कारण शनिवारी धाकटीला सुट्टी असते. त्या शुक्रवारी तिने मटार घालून भात केला होता, बटाट्याची भाजी आणि टोमॅटोचं सूप. सासूबाई दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या. माझ्याकडे त्या नेहमी म्हणतात, "हल्ली भूकच लागत नाही गं." जुळी मुलं टेबलाखाली गाडी गाडी खेळत होती. मुंगी काकूशेजारी बसली होती, अर्थातच. मला राहवेना.

"काय गं," मी धाकटीला म्हटलं, अगदी गोड आवाजात, "तुझ्या पुस्तकातली खूण जागच्या जागी आहे ना?"

"कुठली खूण?" धाकटी म्हणाली.

"पुस्तकातली. आपण कुठपर्यंत आलो ते कळावं म्हणून घालतात ती."

"हो का? असेल काहीतरी. मला नाही बाई माहीत."

मी चमचा खाली ठेवला. इतक्या दिवसांनी सापडली! "ऐकलंत?" मी सासूबाईंना म्हटलं. "हिला स्वतःच्या पुस्तकातली खूण माहीत नाही. आणि म्हणे महिन्याला एक पुस्तक वाचते! अगं, वाचत नसशील तर नको वाचूस, कुणी फाशी देत नाही. पण लहान पोरांना उगाच का भुलवायचं?"

ह्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, मी तो झटकला. धाकटीने माझ्याकडे नीट बघितलं, मला वाटलं आता रडणार. तर ती हसली. कुचकट नाही हो, खरंच हसू आलं तिला.

"अहो ताई, मी कुठे वाचते? मला वेळ आहे का? पुस्तक डोळ्यांसमोर धरलं की दुसऱ्या ओळीला माझं घोरणं सुरू. वाचते मुंगी, गेले सहा महिने. मी कांदा चिरत असते, पोरांना भरवत असते, ती तिथे त्या स्टुलावर बसून मोठ्याने वाचते. मी नुसती ऐकते. तुम्हाला ठाऊक नाही?"

"मला माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मलाही," हे म्हणाले, ताटात बघत.

सगळ्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण मी संध्याकाळी कधी वर गेलेच नव्हते. हिच्या दारी पाय कोण झिजवणार, म्हणून खालीच मिक्सर लावून बसायचे. दुसऱ्याला तोंडघशी पाडायला निघाले आणि स्वतःच पडले, तेही सूप निवायच्या आत. धाकटी म्हणाली, "ताई, भात वाढू?" आणि मी गुपचूप ताट पुढे केलं. भात चांगला झाला होता, हेही सांगून टाकते.

जेवणं झाल्यावर मुंगी आणि मी खाली निघालो. बाकीचे अजून वर बोलत होते. पाचव्या-सहाव्या पायरीवर ती थांबली.

"आई, पट्टी तूच हलवलीस ना?"

"मी कशाला हलवू?"

"एकशे बासष्ट पानावर निळा अंगठा उमटलाय. खडूचा."

मी हाताकडे बघितलं. नखाच्या कडेला तेव्हाही निळं होतं. चाळीस थरांत कधी एक डाग पडू न देणारी कटर मी, आणि चोरी करायला गेले ती हात न धुता.

"काकूला सांगितलंस?"

"नाही. खोडरबराने पुसला. थोडासा राहिलाय, पण तिला दिसणार नाही. ती पुस्तक हातात घेतच नाही."

तिने माझं नाव घेतलं नव्हतं. भरल्या टेबलावर मी तिच्या काकूला वाट्टेल ते बोलले, तेव्हाही ती गप्प बसून राहिली होती. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट आतून जे जळत होतं ते भसकन बाहेर आलं.

"सहा महिने तिला वाचून दाखवतेस! तिला! आणि मला? मी कोण आहे तुझी? मला कधी वाचून दाखवावंसं वाटलं नाही तुला?"

मुंगीने कठड्याचा गज धरला. ती चिडलेली नव्हती. एखादी हिशेबातली गोष्ट समजावून सांगावी तसं म्हणाली, "दाखवायचे की. दुसरीत असताना. तू भाजी करायचीस तेव्हा मी ओट्यापाशी उभी राहून वाचायचे. तू म्हणायचीस, 'मनातल्या मनात वाच, डोकं उठलंय.'"

मला आठवेना. असं मी इतक्यांदा म्हटलं असणार की त्यातली एकही वेळ वेगळी आठवेना. ती उरलेल्या पायऱ्या उतरून गेली. मी तिथेच बसले, वरून धाकटीच्या भांड्यांचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले. हात साबणाने दोनदा धुतले. मिक्सरची पिन काढून ठेवली, भाजी फोडणीला टाकली आणि मुंगीला हाक मारली. ती चप्पल घालून वर निघालीच होती.

"ते म्हातारीचं पुस्तक मला वाचून दाखव," मी म्हटलं.

"ते काकूचं आहे. आम्ही अर्धं वाचलंय," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून दप्तरातून दुसरं काढलं. शाळेच्या लायब्ररीतलं, लहानसं, कोपरे दुमडलेलं. "हे चालेल?"

मला तेच जाडं हवं होतं. अजूनही हवं आहे. पण म्हटलं, "चालेल."

तिने स्टूल ओढलं आणि वाचायला लागली. कुणी एक पोस्टमन होता, त्याचा कुत्रा होता. तिचा आवाज वाचताना जरा जाड होतो, पोस्टमनसाठी वेगळा आणि कुत्र्यासाठी वेगळा. हे वर सहा महिने चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी ओट्याला टेकून ऐकत उभी राहिले. धाकटी चिरते, ढवळते, पोरांना भरवते आणि ऐकतेही. मला दोन्ही एकदम येत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

मुंगी मधेच थांबली. नाक वर करून तिने वास घेतला.

"आई, भाजी लागली."

"लागू दे," मी गॅस बंद करत म्हटलं. "तू वाच. मोठ्याने वाच."