न सापडणारा फोन

आमच्याकडे आता साक्षगंधात मुलीला मोबाइल देतात. साडी, अंगठी, नारळ आणि त्याच ताटात लाल फीत बांधलेला मोबाइलचा डबा. माझ्या धाकट्या बहिणीलाही मिळाला. जमलेल्या बायांनी माना उंचावून पाहिलं. नवरदेवाने स्वतःच डबा उघडला, फोन चालू केला, तिच्या नावाने खातं काढलं, पासवर्ड टाकला आणि मग फोन तिच्या हातात दिला. मुलगा हौशी आहे, असं सगळ्यांचं मत पडलं. तो पासवर्ड तिला कधीच कळला नाही.

लग्न होऊन ती पोंभुर्ण्याकडे गेली आणि घरात बसल्या बसल्या नवऱ्याला तिचं सगळं कळू लागलं. बाजारात बांगड्यांच्या दुकानापाशी इतका वेळ काऊन उभी होतीस, मैत्रिणीला माझ्याबद्दल असं काऊन लिहिलंस. तिला वाटलं, शेजारीण चुगल्या करते. त्या बिचारीशी भांडून तिने बोलणं टाकलं. पुढे नवरा हात उचलू लागला, तेव्हा एका सकाळी ती ब्रह्मपुरीला माझ्याकडे यायला निघाली. जीपमधून उतरली तर स्टँडवर हा आधीच मोटारसायकल लावून चहा पीत बसलेला. हसतच म्हणाला, "चाल, घरी चाल." आणि ती गेली.

त्यानंतर तिला उमगलं. पुढच्या वेळी निघताना तिने तो फोन घरीच तांदळाच्या कोठीत खुपसला आणि हात हलवत माझ्या दारात येऊन उभी राहिली. अंगावरचे वळ मी पाहिले. तक्रार कर म्हटलं, तर नाही म्हणाली. तक्रार केली की दोन्हीकडची माणसं बसतील, चहा पितील, समजूत घालतील आणि तिलाच परत पाठवतील, असं तिचं म्हणणं. मी खूप चिडले, पण ती म्हणत होती ते खरं होतं. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावात अशा किती बैठका झाल्या आहेत.

मी कॉलेजात कम्प्युटर शिकवते. मारणाऱ्या माणसाचा हात धरणं मला जमणार नव्हतं, पण फोन मला समजतो. म्हणून मी फोनच्या मागे लागले. काही मोजक्या फोनमध्ये आतली मूळ ऑपरेटिंग सिस्टीम काढून दुसरी बसवता येते. ही दुसरी सिस्टीम कुणाच्याही खात्याशिवाय चालते. फोन कुठे आहे हे ती कुठल्या ॲपला आपणहून सांगत नाही. कॅमेरा, माइक, सगळं दर वेळी तुम्हाला विचारून. मी तसा एक जुना फोन मिळवला आणि एका रविवारी जेवणं आटोपल्यावर तो कम्प्युटरला जोडला. पहिल्या खेपेला फोन अर्ध्यात अडकून काळा पडला. दुसऱ्या खेपेला मी केबल बदलली आणि सिस्टीम बसली एकदाची. पडदा अगदी रिकामा, दोन-चार चित्रं, रंगाचा पत्ता नाही.

"हा मुका हाय का?" बहिणीने विचारलं.

"मुका नाही. चुगलखोर नाही."

पण तिला तो आवडत नव्हता. कुलूप उघडताना आकडे दर वेळी जागा बदलायचे, म्हणजे खांद्यावरून पाहणाऱ्याला बोटांवरून नंबर ओळखता येऊ नये. ती वैतागायची. "ताई, हे आकडे काऊन पळतेत? घाईत कसा उघडावा?" मी म्हटलं, शिक. आम्ही दोघींनी बोलायचं एकच ॲप टाकलं. आणि मी तिला दुसरा एक नंबर लक्षात ठेवायला लावला. कुणी जबरदस्तीने फोन उघडायला लावला तर हा नंबर टाकायचा. फोन आतलं सगळं स्वतःच पुसून टाकतो. तिने तो दहादा म्हणून पाठ केला, लहानपणी पाढे म्हणायची तसा.

तिचं नर्सिंगचं शिक्षण होतं. गडचिरोलीला एका खासगी दवाखान्यात काम मिळालं, मागेच राहायला खोली. नवरा दोनदा माझ्याकडे येऊन गेला. मी दारातूनच बोलले. तो माझ्या हातातल्या फोनकडे पाहत होता आणि मला मनातून गंमत वाटत होती. पाह्य म्हटलं, किती पाह्यचं तेवढं. त्याला तिचा माग लागत नव्हता हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. ते महिने तिचे बरे गेले. बोलताना ती मधेच हसायची.

आईला मी बजावलं होतं. आई आमच्या गावी, वैनगंगेच्या काठाला, धानाची शेती पाहत एकटी राहते. पोरगी कुठे आहे हे तिला सांगावंच लागलं, नाहीतर तिने अन्न सोडलं असतं. पण फोनवर तिचं नाव काढायचं नाही, गावाचं नाव घ्यायचं नाही, कुणाचाही फोन येवो. आईने मान डोलावली आणि शब्द अक्षरशः पाळला. मी विचारलं तरी फोनवर म्हणायची, "मले काई मालूम नाई." मला बरं वाटायचं. शेवटी आईसुद्धा शिकली, असं मी बहिणीला सांगितलं.

धान कापून झालं, नवे तांदूळ आले. आमच्याकडे कुणाला काही पाठवायचं तर जीपवाल्याच्या हाती देतात. तांदूळ, लाखोळीची डाळ, औषध, कधी कधी चावीसुद्धा. पत्ता तोंडी सांगायचा आणि विसरून जायचं, वस्तू पोहोचते. आईने पिशवी शिवली, तिला आपल्या जुन्या लुगड्याचा काठ लावला, तांदूळ भरले आणि गडचिरोलीच्या जीपवाल्याला म्हणाली, "त्या मोठ्या चौकातल्या दवाखान्यापाशी थांबजो, माही पोरगी येते घ्याले." एकदा नाही, ती पाठवतच राहिली. हे मला कुणीच सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं त्या दोघींनाही वाटलं नाही.

मग तो आमच्या गावी गेला. आईच्या घरी नाही गेला, इतकी अक्कल त्याला होती. स्टँडवरच्या पानठेल्यावर बसला. गडचिरोलीच्या जीपवाल्याने ओळखलं, बायकोकडेच निघाला असेल असं समजला. गावचा जावई, त्याला मागे कोंबून कोण बसवेल? "बसा जवाई, समोर बसा." बोलता बोलता जीपवाला म्हणाला, तुमच्याच घरची पिशवी हाय, आता तुम्हीच चालले तं तुमच्याच हाती देतो. आणि पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. जीपवाल्याच्या मनात पाप नव्हतं. त्याने जावयाचा मान केला.

पुढचं मला बहिणीने नंतर सांगितलं. जीप यायच्या वेळेला ती दवाखान्याच्या फाटकाशी उभी होती. तिला आधी लुगड्याचा काठ दिसला. आईची पिशवी म्हणून ती चार पावलं पुढे गेली, हात पुढे केला, आणि मग पिशवी धरणारा हात कुणाचा ते पाहिलं. त्याने मनगट पकडलं आणि आधी फोन मागितला. कुणाकुणाशी बोलतेस दाखव, उघड. आकडे पळत होते, तरी तिने तो पाठ केलेला नंबर टाकला. पडदा काळा झाला. बिघडला, म्हणाली. त्याने फोन रस्त्यावर आपटला तेवढ्यात तिने मनगट सोडवून घेतलं आणि दवाखान्यात शिरली. तिथल्या बायांनी दार लावून घेतलं. अंधार पडायच्या आत ती मागच्या बाजूने निघून गेली होती.

मला हे कळलं ते एका अनोळखी नंबरावरून. कुठल्यातरी स्टँडवर कुणाचा तरी फोन मागून ती बोलत होती. मागे गाड्यांच्या घोषणा चालल्या होत्या, पण गावाचं नाव ऐकू येत नव्हतं.

"ताई, तुह्या फोनानं काम केलं बरं," ती म्हणाली. मी रडायला लागले, तर म्हणाली, "मी बरी हाय. कुठी हाय ते सांगत नाई. आईले नाई, तुलेबी नाई. तू सांगशील म्हणून नाई. तू मले भेटाले निघाली तं तो तुह्या मागं येईन."

"निदान नंबर तरी..."

"नाई ताई."

तेवढंच. मी त्याच नंबरावर परत लावला. एका म्हाताऱ्या माणसाने उचलला. पोरगी कवाचीच गेली, म्हणाला, आणि कोणत्या गाडीत बसली ते त्याने पाहिलं नव्हतं.

मी तशीच गावी गेले आणि आईवर ओरडले. इतकी ओरडले की शेजारच्या बाया अंगणात येऊन उभ्या राहिल्या. आई ऐकत होती. तिला खरंच कळत नव्हतं. "तू फोनावर बोलू नको म्हणाली होतीस," ती म्हणाली. "मी फोनावर कुठी बोलली?"

मी तिथेच ओट्यावर बसले आणि तिने मला पाणी आणून दिलं.

आता आई माझ्याकडे ब्रह्मपुरीला असते. गावात तिचं मन लागत नाही. बहिणीचा फोन त्यानंतर आलेला नाही. दवाखान्यात विचारलं, त्यांनाही माहीत नाही, आणि माहीत असलं तरी त्यांनी सांगू नये असंच मला वाटतं. ती सुखरूप आहे म्हणून गप्प आहे, की गप्प आहे म्हणून आम्ही तिला सुखरूप समजतो, हे मला कळत नाही. भीती वाटते. तो मात्र अधूनमधून माझ्या कॉलेजच्या फाटकाशी मोटारसायकल लावून उभा असतो, म्हणजे त्यालाही सापडलेली नाही, एवढीच काय ती खुशाली मला त्याच्याकडून मिळते.

संध्याकाळी मी कम्प्युटरवर कॉलेजचं काम करत बसले की आई शेजारी खुर्ची ओढते. थोडा वेळ पाहत राहते. मग म्हणते, "एवढ्या पोरायले शिकवतेस. पाह्य ना यात, कुठी हाय ते."

"नाही दिसत आई."

"त्याले दिसे. तुले काऊन नाई दिसत?"

मी तिला सुरुवातीला सगळं समजावलं होतं. खातं, पासवर्ड, तो फोन, हे सगळं. तिने नीट ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. आता मी समजावत नाही. हातातलं काम बाजूला सारून नकाशा उघडते, गडचिरोलीपासून नागपूरपर्यंत, तिकडे चंद्रपुरापर्यंत सरकवत नेते. आई पुढे वाकून पाहते. थोड्या वेळाने मी तो बंद करते आणि तिला म्हणते, आज नाई दिसून राह्यली.