साडूभाऊंनी आणलेली उजवी बाजू

माझ्या साडूंइतका व्यवहारात अडाणी आणि कानाने तिखट माणूस आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात देवास गेटपासून टावर चौकापर्यंत दुसरा कुणी दाखवला, तर मी माझ्या दुकानाचं शटर कायमचं खाली ओढीन. बँकेत अधिकारी, पण भाव करणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नाही. एकदा कबाड्याकडे त्यांना जुन्या व्हिडिओ गेमच्या फ्लॉप्या दिसल्या. मी नाक मुरडून ‘कचरा है’ म्हणायच्या तयारीत होतो, तेवढ्यात हे विचारतात, ‘भैया, इतने में दे रहे हो, तुम्हारा नुकसान तो नहीं होगा?’ माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ‘साडूभाऊ, तुम्ही जरा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा. हा माणूस आता मला आयुष्यभर भाव कमी करून देणार नाही!’

बरं, एवढं करून ते गेम खेळत नाहीत. गेमच्या पोटातून फक्त गाणी काढतात. लग्नघरी अक्षता पडायच्या आधी यांची चौकशी सुरू, ‘माळ्यावर एखादा जुना कॉम्प्युटर आहे का हो?’ त्या काळी गेममध्ये अख्खं रेकॉर्ड केलेलं गाणं मावत नसे, हे मला त्यांनीच शिकवलं, तेही भैरवगढला, चादरीवर ठसे मारणाऱ्या कारागिरासमोर उभं करून. ‘बघा, ठसे चारच, पण चादर केवढी! गाण्याचंही तसंच. वाद्यांचे छोटे तुकडे, आणि कुठला तुकडा कधी वाजवायचा त्याचा तक्ता. मी ठसे आणि तक्ता दोन्ही काढून आणतो.’ त्यांच्या स्क्रीनवर त्या तक्त्याच्या चार रांगा, एकेका वाद्याची एकेक, सरसर खाली सरकतात. हवी ती रांग बंद करायची, हवी ती ऐकायची. जेवायला बसले की तोंडाने एक रांग स्वतः वाजवतात, दुसरी बायकोला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, देतात. ती बिचारी पोळी लाटता लाटता ‘ढुम ढुम’ करते.

आता माझं दुखणं सांगतो. देवास गेटजवळ एका कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावून मी धंदा सुरू केला. कुणाच्या बापाची मदत नाही. पण आमचे सासरे चारचौघांत ओळख करून देत, ती अशी: ‘हे मोठे जावई, बँकेत ऑफिसर. आणि हे... हे पण इकडेच असतात.’ हे ‘इकडेच असतात’ मी इतकी वर्षं गिळत आलो. म्हणून टावर चौकात कॉम्प्युटरचं मोठं दुकान घेतलं, तेव्हा ठरवलं की सासऱ्यांच्या हातून फीत कापायची आणि त्या क्षणी माझ्या त्या गेमचं गाणं वाजवायचं. कळू दे कशावर उभा आहे ते.

साडूभाऊंनी माझ्या जुन्या हार्ड डिस्कमधून गाणं काढलं आणि मोठ्या अभिमानाने वाजवलं. मी उसळलोच. ‘हे माझं गाणं नाही! माझ्या गाण्यात नुसती थाप आणि खालचा घुमारा होता. ही बासरी कुठून घुसडलीत? नाही जमलं तर सांगा, मी सनईवाला बोलावतो!’

दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. हे डोळे मिटून बसले. मग म्हणाले, ‘दुकानात स्पीकर किती होते?’

‘एक.’

‘जोडीतला दुसरा?’

‘तो काउंटरवरच्या टेपला जोडला होता. गिऱ्हाईकाला एक पुरे की!’

साडूभाऊ इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. ‘अहो शेठ, या गाण्यात दोन रांगा डावीकडे वाजतात, दोन उजवीकडे. तुम्ही इतकी वर्षं अर्धंच गाणं ऐकलंत!’ त्यांनी उजवीकडच्या दोन रांगा बंद केल्या आणि पुन्हा वाजवलं. तीच थाप, तोच घुमारा. क्षणात ते कळकट दुकान उभं राहिलं, डगमगत्या खुर्च्या, आणि ‘अंकल, बस एक मिनट और!’ म्हणणारी पोरं. मी उगाच पंख्याकडे बघत बसलो.

उद्घाटनाला शटरच्या दोन बाजूंना दोन स्पीकर लावले. साडूभाऊंनी आधी फक्त डावा वाजवला. सासऱ्यांनी फीत कापली आणि उजवीकडून बासरी उसळली. शेजारचा मिठाईवाला म्हणाला, ‘वाह बाबूजी, ये कौन सा गाना है?’ सासरे काठी टेकून ताठ झाले. ‘हमारे छोटे जमाई का है. इसी गाने पे दुकान खड़ी की है इन्होंने, अकेले.’ त्यांच्या मागे साडूभाऊ वायर हातात धरून असे उभे होते, जणू दुकान त्यांचंच आहे. खरं सांगतो, त्या दिवशी मला दोघांचाही अभिमान वाटला. माझा तर होताच.

पुढे साडूभाऊंची बदली झाली. मी रोज सकाळी शटर उघडलं की ते गाणं लावतो. परवा उजवा स्पीकर बंद पडला. थाप होती, घुमारा होता. याच अर्ध्यावर मी मजेत धंदा केला होता, पण आता गल्ल्यावर बसवेना. मेकॅनिकला बोलावून वायर जोडून घेतली. तो पैसे घेऊन गेल्यावर लक्षात आलं, भाव करायचा राहूनच गेला.